बिनसॅकचे बापू

रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्या गर्दीत एक तरी बापू असतातच. त्यांची पाठ मोकळी असते आणि पोट जरा पुढे. त्यातलं निम्मं कमरेच्या पाऊचचं.

बापूंना सॅक खपत नाही. पाठ घामाने चिंब होते, पट्टे खांद्यात रुततात, आणि दीड-दोन तासांच्या चढाला एवढा संसार हवाय कशाला? “१६७० साली मावळे हाच गड चढले, त्यांच्याकडे कुठे होत्या सॅका?” हा प्रश्न पहिल्याच दमात येतो. (दोर होते, हे त्यांना कुणी सांगत नाही. बापू वयाने मोठे असतात.)

खिशांचं शास्त्र मात्र त्यांना पुरतं अवगत आहे. शर्टाच्या वरच्या खिशात काही ठेवायचं नाही. खडकावर हात टेकायला वाकलं की मोबाईल आपल्याआधी खाली पोचतो. पँटच्या पुढच्या खिशात ठेवला, तर दोनेकशे ग्रॅमचा तो ऐवज पावलागणिक मांडीवर आपटतो. म्हणून जड ते सगळं पाऊचमध्ये, पट्टा आवळून, अंगालगत. किल्ल्या रुमालात गुंडाळलेल्या, फोनच्या काचेवर चरे नकोत. चॉकलेट वितळतं, म्हणून चिक्की.

पाकीट घरीच. वर रेंज गेली की क्यूआर कोड नुसता बघायचा, त्यामुळे रोख हवीच. तीही प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर. घामाने भिजलेली शंभराची नोट ताकवाल्या मावशी दोन बोटांत धरून ज्या नजरेने बघतात, ती बापूंनी एकदा सोसली आहे.

आजोबांनी कनवट, बंडीचा चोरखिसा आणि चंची एवढ्यावर जत्रा केल्या, हे ते अभिमानाने सांगतात. त्याच परंपरेत त्यांनी ट्रॅकपँटला आतून चेनचा खिसा शिवून घेतलाय. तो ते मागितल्याशिवाय दाखवतात, तेही भर वाटेत.

अडतं ते पाण्यापाशी. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, ते कुठल्याच खिशात मावत नाही. बापू सरबताच्या टपरीपर्यंत कसाबसा दम धरतात, मग शेजारच्या सॅककडे बघतात. “बाटली आहे का रे? एकच घोट.” त्या घोटात बाटली अर्धी होते. पाठोपाठ अंगातलं जर्किन निघतं. “हे जरा ठेव, वर गेल्यावर घेतो.” वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही होतं, जर्किन सॅकमध्येच खाली येतं.

असे बापू तुमच्याबरोबर येणार असतील, तर सॅक थोडी मोठी घ्या आणि पाणी एक लिटर जास्त भरा.