मधलं कोटेशन

आपली गच्ची गळते, असं चारशेदोनच्या काकू तीन वर्षं सांगत होत्या. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना बादली ठेवायला सांगितलं. दुसऱ्या वर्षी मोठी बादली. तिसऱ्या वर्षी त्यांनी आदर्श उपविधींची पुस्तिका वाचली. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं हा सोसायटीचा खर्च आहे, ही ओळ त्यांनी सर्वसाधारण सभेत खड्या आवाजात ऐकवली. चहा यायच्या आत ठराव झाला.

आता गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं, तर ते कळणारं कोणी हवं. आमच्या समितीत चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले, सचिव सॉफ्टवेअरमधले, खजिनदार दातांचे डॉक्टर, आणि मी लिहितो म्हणून माझ्याकडे इतिवृत्त. सिमेंटशी चौघांचा संबंध बिल्डरवर केस करण्यापुरताच आलेला. पण आपल्याला काही कळत नाही असं समितीत म्हणायची पद्धत नसते. म्हणून सचिवांनी तीन कोटेशनं मागवली.

पहिला आला तो कानावर पेन्सिल खोचून. जुना कोबा उखडायचा, विटांचे तुकडे मसाल्यात बसवून नवा ब्रिकबॅट कोबा घालायचा, शंभराला एक उतार काढायचा, भिंतीच्या कडेनं वाटा मारायचा. एकूण दोन लाख दहा हजार. कोटेशन वहीच्या पानावर. तो गेल्यावर चेअरमन म्हणाले, "एवढ्या स्वस्तात म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय." गळतीच्या बैठकीत हा वाक्प्रचार वापरला गेला आणि कोणी हसलंही नाही. मी तो इतिवृत्तात घेतला.

दुसरा आला टॅब घेऊन. त्याच्याकडे पिस्तुलाएवढं एक यंत्र होतं. ते भिंतीला टेकवलं की टुंग वाजायचं आणि लाल आकडा यायचा. आम्ही चौघांनी आळीपाळीनं तो आकडा पाहून माना हलवल्या. तो किती यायला हवा होता, हे एकानंही विचारलं नाही. त्याचा इलाज डांबराच्या चार मिलिमीटर जाडीच्या मेंब्रेनचा. गॅसच्या ज्योतीनं वितळवून गच्चीला चिकटवायचं, वर संरक्षक थर, दहा वर्षांची गॅरंटी. चार लाख ऐंशी हजार.

तिसऱ्याकडे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत स्फटिक वाढवणारं रसायन होतं. नऊ लाख. बोलता बोलता ग्राउटिंगचा विषय निघाला तेव्हा खजिनदारांचा चेहरा प्रथमच उजळला. "म्हणजे फिलिंगच की!" त्यानंतर संपूर्ण समितीत या विषयातले तज्ज्ञ तेच.

चौथा माणूस कोटेशनवाला नव्हताच. कोणाच्या तरी मेव्हण्यानं पाठवला होता. तो आधी गच्चीवर न जाता चारशेदोनमध्ये गेला. काकूंच्या स्टुलावर चढून त्यानं खिशातलं रुपयाचं नाणं काढलं आणि छतावर वाजवत सुटला. टक, टक, टक, आणि मग एका जागी ठब. तिथे थांबला, डोळे मिटले, पुन्हा वाजवलं. पोपडा सुटलेल्या जागी बोट फिरवून हुंगलं. मग काकूंना विचारलं, "गळतं कधी?"

"रोज सकाळी सव्वासात-साडेसातला," काकू म्हणाल्या. "एप्रिलमध्येसुद्धा."

"मोटर किती वाजता लावतात?"

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मोटरचं कंत्राट वेगळं आहे, हे याला कोणी सांगितलं नव्हतं का?

खाली येऊन चेअरमननी मुद्द्याचं विचारलं. "तर मग उपाय काय?"

"अजून माहीत नाही. आधी बघावं लागेल." गच्चीचे पाण्याचे मार्ग बंद करून तीन दिवस पाणी साठवायचं, ते उतरतं का ते बघायचं, टाकीचे पाइप वेगळे तपासायचे. या बघण्याचे पाच हजार. काम कोणाकडूनही करून घ्या.

सचिवांनी तिथल्या तिथे हिशेब केला. तीन हजार चौरस फूट गच्ची, पाच सेंटिमीटर पाणी, म्हणजे चौदा टन! इमारत पेलेल? तो शांतपणे म्हणाला, "चौरस मीटरला पन्नास किलो होतात साहेब. कोजागिरीला तुम्ही भेळेच्या रांगेत उभे राहता, तेव्हा याहून जास्त असतं."

हे उत्तर बरोबर होतं, पण समितीला उद्देशून असायला नको होतं. शिवाय जो माणूस विषयातला म्हणवतो आणि "माहीत नाही" म्हणतो, त्याला पाच हजार कशाचे द्यायचे? नुसतं बघायचे? बघितलं तर आम्हीही होतं.

आता निवड. दोन लाखवाला स्वस्त म्हणून संशयास्पद, नऊ लाखवाला महाग म्हणून संशयास्पद, तेव्हा मधला प्रामाणिक. गच्चीबद्दल काहीही माहीत नसताना गच्चीचा निर्णय घ्यायची ही पद्धत इतकी निर्धोक आहे, की घरातली लग्नंही आपण याच तत्त्वावर जमवतो. मधल्यालाही ती ठाऊक असणार. त्यानं आधी बाकीचे किती मागतायत हे चौकीदाराकडून काढून घेतलं होतं, असं मागाहून कळलं.

जॉर्ज अकेर्लॉफ नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली नेमक्या अशाच बाजारावर निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाची खरी कुंडली माहीत आणि घेणाऱ्याला नाही, तर घेणारा सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या मालवाल्याला परवडत नाही, तो निघून जातो आणि बाजारात रद्दी उरते. उदाहरण जुन्या गाड्यांचं होतं. तिकडे खटारा गाडीला लिंबू म्हणतात. आपल्याकडे लिंबू गाडीच्या पुढे लटकवतात, आत काय आहे ते आतच राहतं. हा निबंध तीन नियतकालिकांनी नाकारला आणि चौथ्यानं छापला. २००१ मध्ये अकेर्लॉफना नोबेल मिळालं. आमच्या चौथ्याला आम्ही चहासुद्धा पाजला नव्हता.

मे महिन्यात मेंब्रेन बसलं. काय दिसत होती गच्ची! काळीभोर, चकचकीत, कोपऱ्यातले वाटे गुळगुळीत. त्यावर संरक्षक थर पडला. चेअरमननी नारळ फोडला, तोही मेंब्रेनला इजा होऊ नये म्हणून खाली पार्किंगमध्ये. उरलेला धनादेश दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला काकूंचा फोन.

कंत्राटदार फोनवर अतिशय गोड बोलला. "ते जुनं पाणी आहे सर. कोब्यात मुरलेलं. आता बाहेर पडतंय. एक पावसाळा जाऊ द्या." एक पावसाळा गेला. जुनं पाणी रोज सकाळी वेळेवर येत राहिलं. तेव्हा गॅरंटीचा कागद काढून कोणीतरी प्रथमच मागची बाजू वाचली. गच्चीवर पाणी साचून राहिल्यास गॅरंटी लागू नाही. मेंब्रेनला कोणत्याही कारणानं छेद दिल्यास गॅरंटी लागू नाही. सचिव म्हणाले, अटी तशा स्टँडर्ड आहेत.

दिवाळीनंतर टाकीचा बॉलकॉक बदलायला प्लंबरचा एक पोरगा आला होता. वीस-बावीसचा असेल. चौकीदारानं सवयीप्रमाणे मोटर लावली आणि तो चहाला गेला. टाकी भरली, ओव्हरफ्लो सुरू झाला. पोरगा कठड्याशी उकिडवा बसला, जमिनीला कान लावला आणि मग ओरडला, "काका, तुमचा ओव्हरफ्लोचा एल्बो फुटलाय! कोब्यात गाडलाय. सगळं पाणी आतच जातंय!"

खाली चारशेदोनमध्ये बादली वाजायला लागलेली होती.

आम्ही चौघं वर गेलो. एल्बो दीडशेचा, मजुरी वेगळी, पण त्याच्यापर्यंत पोचायला मेंब्रेन फोडावं लागणार. म्हणजे गॅरंटी गेली. खजिनदारांनी खाली वाकून त्या जागेकडे पाहिलं. काढावाच लागेल म्हणाले. चेअरमन बराच वेळ गप्प होते. पोरानं फडक्याला हात पुसत विचारलं, "मग करू का? तासाभराचं काम आहे."

सचिवांनी त्याला थांबवलं. लेटरहेड आहे का, म्हणाले. आणि आणखी दोघांना बोलवायला लागेल.