डिस्को अण्णा

सीमाभागात नवा माणूस भेटला की आधी आडनाव, मग गाव आणि मग हळूच भाषा विचारतात. डिस्को अण्णाच्या बाबतीत एवढी चौकशी करावी लागत नाही. तो दिसायच्या आधी ऐकू येतो. भालकीत तो कापडदुकानाच्या गल्ल्यावर बसलेला असतो, औरादला निवृत्त मास्तर असतो, बसवकल्याणला त्याचं टायरचं दुकान असतं आणि गुलबर्ग्याच्या गंजात तो तुरीचा अडत्या असतो. (गुलबर्ग्याचं २०१४ साली कलबुर्गी झालं, अण्णा पावतीवर कलबुर्गी लिहितो आणि तोंडानं गुलबर्गाच म्हणतो.) वय पंचावन्नच्या पुढे, केसांना मेंदी, शर्टाचं वरचं बटण कायमचं रजेवर. अण्णा गावोगाव वेगळा, पेन ड्राइव्ह मात्र सगळ्यांचा एकच. त्यात मिथुन, जितेंद्र, बॉनी एम, अल्ताफ राजा आणि रविचंद्रन शेजारी शेजारी नांदतात.

अण्णाच्या फोनची रिंगटोन ‘हिम्मतवाला’तली. तो तहसीलात असो की कुणाच्या दहाव्याला, फोन वाजतो, अण्णा तो खिशातून काढतो, नाव बघतो आणि थांबतो. जमलेल्यांना वाटतं, उचलू की नको असा विचार चाललाय. तसलं काही नसतं. तो कडवं संपायची वाट बघत असतो. कडवं संपतं, फोनही बंद पडतो. मग अण्णा समाधानानं तो खिशात ठेवतो आणि गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो.

त्याच्या कानाचं शिक्षण कसं झालं हे समजायला थोडा भूगोल लागतो. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यामधून उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे, आजच्या महाराष्ट्रात, गेले. भालकी, औराद, हुमनाबाद इकडे, आजच्या कर्नाटकात, राहिले. कचेऱ्या वाटल्या, शाळा वाटल्या, सोयरीकही अर्धी अर्धी वाटली गेली. गाण्यांची वाटणी करायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दख्खनी आणि हैदराबादच्या पाहुण्यांशी तेलुगू बोलणाऱ्या अण्णाच्या वाट्याला सगळ्यांचीच गाणी आली. चांगली गाणी ज्याची त्याला राहिली. भडक तेवढी सामाईक झाली.

त्याचा कॅसेटचा साठा बुटांच्या खोक्यांत आहे. कॅसेटवाल्याकडे यादी द्यायची, साठ नाहीतर नव्वदची कोरी कॅसेट द्यायची आणि ‘भरून’ घ्यायची, असा तो काळ. पाठीवरची नावं अण्णानं स्वतः लिहिलेली: जितेंद्र देवनागरीत, रविचंद्रनचं ‘प्रेमलोक’ कन्नडमध्ये आणि बॉनी एम ज्या दिवशी जे पेन हाताला लागलं त्या लिपीत. भरणारा मोठा कसबी. कॅसेटमधली दोन मिनिटंसुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही. शेवटी उरलेल्या फितीत तो अजून एक गाणं घालायचा आणि ते मध्येच तुटायचं. आता पेन ड्राइव्हवर तेच गाणं अख्खं वाजतं. पण अण्णा बरोबर गात असला, तर जिथं कॅसेट संपायची तिथंच, शब्दाच्या मध्यावर, तो तोंड मिटतो. पुढं गाणारा एकटाच गात राहतो. अण्णाच्या मते त्या गाण्याचा पुढचा भाग नंतर कुणीतरी वाढवलाय.

इंग्रजीशी त्याचं नातं तसं ‘येस सार’ आणि ‘नो स्टॉक’ एवढंच. तरी बॉनी एमचं १९७८ सालचं ‘रास्पुतिन’ त्याला तोंडपाठ. म्हणजे आवाज पाठ. शब्द मूळ गाण्यातले असतीलच असं नाही. एकदा कॉलेजातल्या कुणा पोरानं त्याला सांगितलं की स्टेजवर नाचणारा तो बॉबी फॅरेल रेकॉर्डवर गातच नव्हता; पुरुषाचा आवाज त्यांच्या निर्मात्याचा, फ्रँक फॅरियनचा. पोराला वाटलं, आता अण्णा खचेल. अण्णा म्हणाला, “मंग काय झालं? लग्नात नवरदेव कुठं मंत्र म्हणतो? भटजीच म्हणतो की. लग्न नवरदेवाचंच लागतं.”

पण खरा अण्णा बघायचा तर ‘कुर्बानी’चा विषय काढावा. १९८० चा हा सिनेमा. त्यातलं झीनत अमानवर चित्रित झालेलं ते गाणं नाझिया हसननं गायलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, आणि चाल बिद्दूची.

“बिद्दू?” अण्णा गल्ल्यावर बोट आपटतो. “नावच सांगतंय की. बीदरचा.”

बिद्दू बेंगळुरूचा, हे त्याला दर खेपेला कुणीतरी सांगतं. तिथून तो इंग्लंडला गेला आणि १९७४ मध्ये त्यानं कार्ल डग्लसकडून ‘कुंग फू फायटिंग’ गाऊन घेतलं; ते गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरावर गेलं. अण्णाचं तोंड क्षणभर उतरतं. मग तो हिशेब मांडतो. बिद्दू बेंगळुरूचा. ‘कुर्बानी’ काढणारा, दिग्दर्शन करणारा आणि त्यात हिरो असणारा फिरोज खान, तोही जन्मानं बेंगळुरूचाच. “म्हंजे गाणं आपल्याच राज्याचं झालं. मंग एक नोव्हेंबरला राज्योत्सवात हे का लावत नाहीत ओ?” या प्रश्नाचं उत्तर अजून कोणत्याही कचेरीनं दिलेलं नाही.

चोरीच्या चालींबद्दलही त्याचं मत पक्कं आहे. ‘डिस्को डान्सर’मधल्या जिमीच्या गाण्यामागं ओटावान नावाच्या फ्रेंच मंडळींचं गाणं आहे, ‘प्यारा दुश्मन’मध्ये उषा उथुपनी जे धमाल गायलंय त्यामागं ‘वन वे टिकट’ आहे, ‘हम किसीसे कम नहीं’मध्ये पंचमदांनी ॲबाच्या ‘मम्मा मिया’ला हात घातलाय, हे सगळं त्याला ठाऊक आहे. मूळ गाणी त्यानं मुद्दाम मिळवून ऐकली. रागावला का? छे. “एका कॅसेटच्या पैशात दोन गाणी आली,” म्हणाला. ‘डिस्को डान्सर’ रशियात तुफान चालला, हे तर तो असं सांगतो की पिक्चरच्या पेट्या त्यानंच भालकी स्टेशनवर गाडीत चढवल्या असाव्यात.

घरात मात्र करार आहे. सकाळी सातपर्यंतचा वेळ वहिनींचा. तेव्हा माणिक प्रभूंची पदं आणि बसवण्णांची वचनं. माणिकनगर काही फार लांब नाही आणि वहिनींची तिथली वारी चुकत नाही. सात वाजून एक मिनिटानं बप्पी लाहिरी. वहिनींची याला हरकत नाही. त्यांची तक्रार एकट्या अल्ताफ राजाबद्दल. निघून जाणाऱ्या परदेशी माणसाचं ते प्रसिद्ध गाणं लागलं की त्या स्वयंपाकघरातून विचारतात, “एवढं रडलालाय तर अडवायचं की तिथंच! गाणं कशाला म्हणत बसायचं?” अण्णाकडे यावर उत्तर नाही. तो आवाज वाढवतो.

अण्णाचा खरा वैरी म्हणजे रसिक माणूस. तो बहुधा त्याच्या बायकोचा भाऊ असतो. हे मेव्हणे धारवाडात राहून आलेले. मन्सूर आणि भीमसेन यांच्याखाली बोलत नाहीत. अशा माणसांची परंपरा मोठी आहे. १९५२ ते १९६२ या काळात दिल्लीत बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री होते. आपलाच मराठी माणूस. सिनेमाच्या गाण्यांनी देशाचे कान नासतात म्हणून त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हाकलून दिली. देशानं शांतपणे रेडिओची सुई सिलोनवर नेली आणि अमीन सायानींचं ऐकत बसला. शेवटी १९५७ साली सरकारलाच विविध भारती काढावी लागली. मेव्हण्यांना यातली केसकरांची बाजू पटते. अण्णाला सुईची.

हा सामना येळवसेला रंगतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप उभारायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं आंबील. जेवण असं की उठताना माणसाला हात द्यावा लागतो. अण्णा उठायच्या भानगडीत पडत नाही. पडल्या पडल्या तो स्पीकरचं बटण दाबतो आणि कोपीतून जितेंद्र सुरू होतो. ते झोपडी आणि चारपाईचं गाणं.

“दाजी,” मेव्हणे डोळे मिटूनच म्हणतात, “काय हे ऐकलालाव? सणाचा दिवस आहे.”

“कोपीत बसलोय म्हणून कोपीचं गाणं लावलं. ‘जस्टिस चौधरी’तलं आहे.”

मेव्हणे गप्प. पण चेहऱ्यावर अस्वस्थता. एक कडवं जातं, दुसरं सुरू होतं. शेवटी त्यांच्यानं राहवत नाही.

“‘जस्टिस चौधरी’ नव्हे. ‘मवाली’. बापय्याचा. दोन्ही १९८३ चेच, म्हणून घोळ होतो तुमचा.”

कोपीत शांतता. वहिनी आंबिलाचा पेला हातात धरून भावाकडे बघत राहतात. अण्णा काही बोलत नाही, फक्त पुढचं गाणं लावतो आणि परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखा मेव्हण्यांकडे बघतो. उत्तर बरोबर येतं. त्याच्या पुढचंही. मेव्हण्यांना गायिका, कोरसमध्ये कोण, नाचाला किती घागरी मांडल्या होत्या, सगळं ठाऊक. मन्सूरांची इतकी माहिती त्यांना आहे की नाही, हे न विचारायचा चांगुलपणा अण्णा दाखवतो.

पुतण्याची तऱ्हा निराळी. तो बेंगळुरूत कंपनीत आहे. तिथं म्हणे तिकीट काढून रेट्रो रात्री असतात. पोरं चकचकीत शर्ट घालून मिथुनसारखी नाचतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, “काका, आम्ही पण ही गाणी ऐकतो. पण गंमत म्हणून. एरवी हेडफोन लावून, चोरून.”

“चोरून कशाला?” अण्णाला खरंच कळेना. “पैसे देऊन भरून आणलीत की मी.”

अण्णाला केसकर चालतात, मेव्हणेही चालतात. ती माणसं निदान गाण्यावर मनापासून चिडतात. गाण्याला हसत हसत नाचणारा मात्र त्याला समजत नाही. त्याच्या गाडीत म्हणूनच दोन नियम आहेत. गाणं लागलं की तोंड वाकडं करून हसायचं नाही आणि रीमिक्सचं नाव काढायचं नाही. नाचायला परवानगी लागत नाही. पोलीस चौकी आली तरी आवाज तेवढाच राहतो, शेजारून नव्या नवरीची गाडी गेली तरी तेवढाच. अण्णाच्या गाण्याला लाज नाही, तसा मत्सरही नाही. प्रेमलोकाच्या मागून आनंद शिंदे येतात, त्यांच्यामागून १९७८ च्या ‘ऑपरेशन डायमंड रॅकेट’मधलं डॉ. राजकुमारांचं इंग्रजी गाणं. हे शेवटचं लागलं की गाडीतले कन्नड, मराठी, उर्दूवाले सगळे एकाच वेळी एकाच चुकीच्या इंग्रजीत गातात.

बीदरहून भालकीला जाताना कधी त्यानं लिफ्ट दिली तर जरूर बसा. चहा तोच पाजेल, गावातली भांडणंही सांगेल. फक्त चुकूनसुद्धा “अण्णा, काहीतरी चांगलं लावा की,” असं म्हणू नका. तो मान डोलावतो, “हौ, हौ,” म्हणतो आणि चालू गाण्याचाच आवाज वाढवतो.