तड्याच्या टोकाला भोक

जॅकवर चढवलेला ट्रक आणि भोवती बघे, हे दृश्य छत्रपती संभाजीनगरात कधीही मिळतं. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून चाकावरच्या कुठल्याही वस्तूबद्दल मत नसलेला माणूस इथं सापडणं अवघड. चेसीला तडा गेलाय म्हटल्यावर तर लगेच दोन पक्ष पडतात. ड्रायव्हर म्हणतो, रस्ते. बाकीचे म्हणतात, ओव्हरलोड. कन्नडच्या औट्रम घाटाचं नाव दोन्ही पक्ष साक्षीदार म्हणून घेतात.

मिस्त्री कुठल्याच पक्षात नसतो. तो आधी बॅटरीच्या वायरी सोडवतो. हल्लीच्या गाडीत कॉम्प्युटरचा डबा असतो. वेल्डिंगचा करंट त्यात शिरला तर चेसी धड होते आणि गाडी स्टार्ट होत नाही. मग ग्रीस, माती, रंग खरवडून तड्याचं टोक शोधायचं. डोळ्यांना दिसतो त्याच्या पुढे तडा गेलेला असतो. तिथं रॉकेल लावायचं, पुसायचं आणि वर खडू घासायचा. फटीत मुरलेलं रॉकेल हळूहळू खडूवर ओली रेघ काढतं.

रेघ संपते तिथं तो चक्क ड्रिलनं भोक पाडतो. तुटायला आलेल्या लोखंडाला आणखी भोक! मालकाचा चेहरा तेव्हा बघावा. पण तड्याच्या अणकुचीदार टोकाशीच सगळा ताण गोळा झालेला असतो. गोल भोकात टोकच उरत नाही, म्हणून तडा अडतो. मग ग्राइंडरनं खाच पाडून ७०१८ नंबरच्या रॉडनं भरणं. रॉड कोरडा, तापवलेला हवा. पावसाळी ओल धरलेल्या रॉडनं जोड वरून देखणा दिसतो आणि आतून चिरतो.

खरा वाद जोडावर मारायच्या पट्टीवरून होतो.

"चांगली जाड मारा, एकदाची कटकट मिटू द्या," मालक म्हणतो.

चेसी मुळात थोडा पीळ खाण्यासाठीच केलेली असते. वऱ्हाडात एकच काका ताठ बसले की ओढाताण शेजारच्यांची होते, तसा जाड पट्टीनं न घेतलेला पीळ पट्टीच्या कडेला जाऊन बसतो आणि पुढचा तडा नेमका तिथं जातो. म्हणून पट्टीची टोकं तिरकी कापायची, चेसीच्या फ्लँजवर, म्हणजे वरच्या-खालच्या कडांवर, आडवं वेल्डिंग करायचं नाही. हे ऐकून मालकाला काम कमी आणि पैसे तेवढेच जातायत असं वाटतं.

"शेठ, पासिंग असेल तेवढाच माल भरा आता."

"ते बरोबर आहे हो," शेठ म्हणतात, "पण उसाला?"