तेलाच्या डागाला कोणता रंग?

पाच वर्षं घासून बी.आर्क. झालं, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाली, की १९७२ च्या कायद्यानुसार माणूस स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला मोकळा होतो. त्यापुढचं एम.आर्क. कुणी मागत नाही. नकाशावर सही करायला ते लागत नाही, महापालिका त्याची चौकशी करत नाही, आणि ठेकेदाराला तर ते सांगूच नये. तो उगाच काळजीत पडतो. तरीही दरवर्षी काही माणसं चालती कामं बाजूला ठेवून, कानशिलं पांढरी व्हायला लागल्यावर, पुन्हा हजेरीपटावर नाव लावून घेतात. त्यातलाच मी एक. विषय घेतला कॉन्झर्व्हेशन, म्हणजे जुन्या वास्तूंचं जतन. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "एवढी लोकांची घरं बांधलीस, आता शिकायचं राहिलं तरी काय?" मी म्हटलं, "न बांधायला शिकायचंय." तिनं भाजी निवडता निवडता मान वर केली आणि विचारलं, "त्याला फीसुद्धा घेतात का रे?"

घेतात. आणि पदवीचं हे प्रकरण आमच्या धंद्यात मुळातच थोडं गमतीचं आहे. कोकणातल्या आचऱ्याला जन्मलेले अच्युत कानविंदे जे.जे.मध्ये शिकले आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी हार्वर्डला गेले, ते वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली. परत येऊन त्यांनी आयआयटी कानपूरच्या इमारती उभ्या केल्या, ते सगळं पुस्तकात आहेच. पण ज्या ग्रोपिअस यांच्याकडे जगभरातली पोरं पदवी घ्यायला जात होती, त्यांनी स्वतः मात्र शिक्षण अर्धवट सोडलेलं. आणि चंडीगढ रचणाऱ्या ल कॉर्बुझिए यांच्याकडे तर कॉलेजची पदवी नव्हतीच. ज्यांनी दरवाजा केला ते खिडकीतून आत आले होते, एवढंच यातून दिसतं. वर्गात मागच्या बाकावर बसून, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलांच्या मधोमध, मी या विचारानं बरेचदा स्वतःची समजूत घातली आहे.

न बांधायला शिकणं वाटतं तितकं सोपं नाही. धंद्यात असताना आमचं खरं मोजमाप मीटर नव्हतं, फूटही नव्हतं; ते होतं 'अंदाजे'. अंदाजे पाया, अंदाजे खर्च, अंदाजे दिवाळीपर्यंत ताबा. आणि इथं पहिल्याच सत्रात १९६४ ची व्हेनिसची सनद हातात पडली. तिचा एक दंडक असा, की जीर्णोद्धाराच्या कामात जिथं अंदाज सुरू होतो, तिथं हात थांबला पाहिजे. हे वाचून मला काही वेळ आपलं अख्खं पूर्वायुष्य बेकायदा बांधकामासारखं वाटत राहिलं. प्रयोगशाळेत चुना भिजत घालायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी मिसळायचं, आणि मग मुंग्यांशी वाटाघाटी करायच्या. चुनखडी भाजताना भट्टीत जो वायू उडून जातो, तोच हा चुना पुढे हवेतून हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. त्याला घाई केलेली चालत नाही. आपल्याला घाई असते म्हणून आपण सिमेंट आणतो. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा म्हणजे म्हाताऱ्या माणसाला मे महिन्यात रेनकोट घालून ओसरीवर बसवणं: आतली ओल आतच कोंडते आणि भिंत मुकाट्यानं कुजत जाते. भेगेवर आम्ही काचेची पट्टी चिकटवतो. भेग सरकली तर काच तडकते. ती लावायची, तारीख घालायची, निघून जायचं. पुढल्या महिन्यात येऊन बघायचं, काच तशीच असली तर आनंद मानायचा. काहीही न घडल्याचा आनंद मानायला लावणारा दुसरा अभ्यासक्रम मला ठाऊक नाही.

या सगळ्याचा खरा कस लागतो तो मापं घेताना. माझ्या वाट्याला कसब्यातला एक वाडा आला होता. दिंडी दरवाजा, चौक, दगडी उथळ्यांवर उभे सागवानी खांब, वर कडीपाट, आणि चौकात वाळत घातलेले पापड. अशा घरात चार भिंती मोजून भागत नाही, कर्णही घ्यावे लागतात. नाहीतर खोली कागदावर काटकोनात उभी राहते, आणि प्रत्यक्षात वाड्यातली कुठलीच खोली काटकोनाला कबूल झालेली नसते. लेसरचं यंत्र नेलं होतं. त्याचा लाल ठिपका भिंतीवर पडला रे पडला, की वाड्यातलं मांजर त्याच्यावर झडप घालायचं. शेवटी यंत्र पिशवीत गेलं आणि टेप बाहेर आली. आता टेपला दुसरं टोक असतं, ते धरायला माणूस लागतो. ते काकूंनी धरलं. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या. टोक घट्ट दाबून धरत आणि विचारत, "मोजून नेऊन करणार काय बाळा? विकायचाय का कुणाला?"

मापं झाली की प्रत्येक भिंतीचं दुखणं रंगात उतरवायचं. ओल निळी, भेग लाल, वाळवी तपकिरी, लोणा पिवळा, फटीतून उगवलेला पिंपळ अर्थातच हिरवा. ओसरीवर आलो आणि हात अडला. बैठकीमागच्या भिंतीवर, साधारण कमरेच्या उंचीला, ताटलीएवढा काळपट गुळगुळीत डाग होता. ओल नव्हती, बुरशी नव्हती. काकू म्हणाल्या, "ते मामंजी." जेवण झालं की सासरे तिथं डोकं टेकून केसरी वाचत बसत, डोक्याला भरपूर तेल. दर दिवाळीला रंगारी यायचा आणि विचारायचा, वहिनी, एवढं एक ब्रश मारू का? काकू म्हणायच्या, नको. सासरे जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तेवढी जागा सोडून बाकी वाडा रंगत राहिला. व्हेनिसच्या सनदेत सगळ्या काळांनी वास्तूत घातलेली भर मानावी असं म्हटलंय, त्यावर आमच्याकडे अख्खी दुपार चर्चासत्र झालं होतं. काकूंनी ते रंगाऱ्याला एका शब्दात सांगून टाकलेलं.

मी डागाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत टेप सोडली. भिंतीवर मामंजींचा पगडीतला फोटो होता, पण तो छातीपर्यंतच. ते बसल्यावर केवढे दिसत, हे मात्र डागावरून कळलं. काकूंनी आकडा विचारला, मी सांगितला. त्या थोडं थांबून म्हणाल्या, "हो, बुटकेच होते."

ज्युरीच्या दिवशी त्या डागावर बराच वेळ गेला. एका परीक्षकांच्या मते तो ऱ्हास, दुसऱ्यांच्या मते वापराचा पुरावा. तिसऱ्यांनी फक्त त्याचा व्यास विचारला, कारण सगळ्या ज्युरींत एक जण व्यास विचारणारा असतोच. माझ्या नकाशाच्या रंगसूचीत भेग, ओल, लोणा, वाळवी यांच्या खाली एक फिकट सोनेरी चौकोन होता आणि त्यासमोर लिहिलं होतं: मामंजी. मार्गदर्शक बाईंनी तांबड्या पेन्सिलीनं शुद्धलेखन तपासलं, स्केल तपासलं, उत्तर दिशेचा बाण नव्यानं काढायला लावला. त्या नोंदीला हात लावला नाही.

पदवी मिळाली. आईनं ती हॉलमध्ये लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'त्याला आता पाडायची बंदी आहे' असं सांगितलं. लोक त्यावर देवघर कोणत्या दिशेला हवं ते विचारतात. धंद्यात उत्पन्न थोडं घटलं, हे मान्य करायला हवं, कारण सल्ला मागायला येणाऱ्या दहांतल्या चौघांना मी 'काही करू नका' असं सांगतो आणि काही न करण्याची फी मागायला जीभ रेटत नाही.

तुमचं राहतं घर जुनं असेल, तर एखाद्या सकाळी पाठीला सॅक लावलेलं एखादं पोरगं दारात येईल आणि संकोचानं विचारेल, मापं घेऊ का? विकायचं नाही म्हणून त्याला घालवू नका. आत घ्या, चहा टाका, मांजर कोंडा, आणि टेपचं दुसरं टोक तेवढं धरा.