नांदेड-लातूर किनारपट्टी : गळ टाकणाऱ्यांसाठी सागरी हवामानाचा शास्त्रोक्त विचार

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही, हा आक्षेप आम्ही आरंभीच निकालात काढतो. आक्षेप भौगोलिक आहे, आमचा विषय शास्त्रीय आहे. सरळ रेषेत मोजलं तरी अरबी समुद्र नांदेडपासून साडेचारशे किलोमीटरहून लांब आणि लातूरपासून साडेतीनशेहून लांब, हे आम्हाला मान्य आहे. पण देशभरच्या मच्छीमारांना समुद्राची खबर पुरवणारी केंद्र सरकारची संस्था, इन्कॉइस, कुठे बसते? मुंबईला नाही, रत्नागिरीला नाही, विशाखापट्टणमलाही नाही. ती हैदराबादला बसते, आणि तिथूनही समुद्र अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. १९९९ साली स्थापन झालेली ही संस्था उपग्रहाच्या डोळ्यांनी पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान आणि त्यातलं हरितद्रव्य पाहते, आणि मासा कोणत्या दिशेला, किती अंतरावर सापडण्याचा संभव आहे ते कळवते. २००७ पासून त्सुनामीचा इशाराही तिथूनच निघतो. हुसेनसागरच्या गावी बसून लाटांचा हिशेब करता येत असेल, तर ज्या नांदेडने निजामाचा कारभार १९४८ पर्यंत सोसला, त्याने जरा उत्तरेला बसून तोच हिशेब का करू नये? दाखला पक्का आहे. पुढे चलू.

समुद्राशी नांदेडचं नातं दर पावसाळ्यात सरकारी कागदावरून जाहीर होतं. जुन्या पुलाजवळ गोदावरीची इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोका पातळी ३५४ मीटर. बाहेरगावचा पाहुणा हे आकडे ऐकून दचकतो. त्याला वाटतं नदी तेवढी खोल आहे. हे मीटर समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात. आता ही सपाटी कोणत्या समुद्राची? भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ साली देशातल्या सगळ्या उंचींना जो पाया ठरवून दिला, तो नऊ बंदरांमधल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून. त्यात मुंबईचं अपोलो बंदर होतं, कारवार होतं, मद्रास होतं, कराचीसुद्धा होती. म्हणजे नांदेडच्या पुलावरचा पुराचा आकडा दूरच्या नात्याने कराचीच्या भरतीशी जोडलेला आहे. यावरून निघणारा निष्कर्ष असा, की इशारा पातळी गाठली असताना पाण्याला टेकून बसलेल्या माणसाच्या बरोबर ३५१ मीटर खाली समुद्राची पातळी असते. तंगूस तेवढी लांब हवी, आणि मधला काळा पाषाण तेवढा आड यायला नको. बाकी अडचण काही नाही.

आता भरतीची वेळ. इथे पूर्वपक्ष कोकणचा. कोकणातला माणूस भरतीसाठी वर्तमानपत्र उघडत नाही. तो तिथी विचारतो आणि तिला पाऊणने गुणतो. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. पुनवेला आणि अवसेला पाण्याला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तेच गणित गोदावरीच्या घाटावर लावून पाहा. चतुर्थीला तीन वाजता पाणी जागचं हलत नाही, अष्टमीला सहा वाजताही नाही. यावरून चंद्राचं मराठवाड्याकडे दुर्लक्ष आहे, असा प्रादेशिक अन्यायाचा मुद्दा काहीजण काढतील. तो चुकीचा आहे. चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्र हलतो तशी घट्ट जमीनही हलते. दिवसातून दोनदा भूपृष्ठ वीत-दीड वीत वर जातं आणि खाली येतं. भूभौतिकीच्या पुस्तकात याला भूभरती म्हणतात. म्हणजे नांदेडला भरती येतेच. ती आख्ख्या नांदेडला येते. घाट, नदी, नदीतला मासा, गळ आणि गळ धरून बसलेला माणूस असे सगळे एकाच वेळी वर जातात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. अनुशेषाच्या यादीत हा विषय अजून कुणी घातलेला नाही.

सिद्धान्त मात्र वेगळाच आहे. मराठवाड्यात पाण्याला जी डोळ्यांना दिसणारी भरती येते, ती चंद्राच्या हाती नसून दरवाजांच्या हाती आहे. नाशिककडे धो धो पडलं की जायकवाडी भरतं. जायकवाडीने सोडलं, पूर्णेवरच्या येलदरी-सिद्धेश्वरने सोडलं, माजलगावने सोडलं की विष्णुपुरी भरतं. विष्णुपुरीने दरवाजे उचलले की नांदेडच्या घाटांवर भरती. म्हणून इथल्या अभ्यासू माणसाने पंचांग मिटून ठेवावं आणि पेपरातली विसर्गाची बातमी वाचावी. ‘क्युसेक’ हा शब्द नांदेडच्या शाळकरी पोराला जितका सवयीचा आहे, तितका तो नौदलातही नसावा.

आणि जगातल्या कोणत्याही किनाऱ्याने हेवा करावा अशी गोष्ट तर धर्माबाद तालुक्यात आहे. बाभळी बंधारा. महाराष्ट्राने गोदावरीवर तो बांधला तो पोचमपाडच्या श्रीरामसागर धरणाच्या फुगवट्यात, म्हणून खालच्या राज्याने दाद मागितली. आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन तिथली भरती-ओहोटी कायमची लावून दिली. १ जुलैला चौदाही दरवाजे वर, ते २८ ऑक्टोबरपर्यंत वरच. त्यानंतर दरवाजे खाली, आणि पाणी अडवायला मोकळीक. शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. समुद्राच्या भरतीला तिथी लागते, अमावास्या लागते, वाऱ्याची साथ लागते. बाभळीच्या भरतीला तारीख लागते, आणि दोन्ही राज्यांचे आणि केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी हजर लागतात. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात. इथे पाण्यासमोर सह्या होतात. पाऊस चांगला होऊन धरणं तुडुंब असली तरी तारीख तीच, आणि आभाळ कोरडं असलं तरी तारीख तीच. योगायोग पाहा: १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि त्याच बंदीच्या मध्यावर बाभळीची ओहोटी सुरू होते. दोन्हीकडे मासा सुटतो. तिकडे कायद्याने, इकडे निकालाने. चंद्राचा निकाल फिरवायला कुणी कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही. बाभळीच्या बाबतीत गाऱ्हाणी चालू आहेत आणि शेतकऱ्यांची कळकळ खरी आहे, कारण जुलैत वाहून गेलेलं पाणी ऑक्टोबरअखेर अडवायला नदीत उरतंच असं नाही.

हे ०.६ टीएमसी म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून लातूरकडे वळू. लातूरच्या किनारपट्टीला मोठी ओहोटी आली ती २०१६ साली. धनेगावचा मांजरा प्रकल्प तळाला गेला, आणि मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ पाचपेक्षा जास्त माणसांनी जमू नये म्हणून जमावबंदी लागली. चार जणांनी शेजारी बसून गळ टाकायला कायद्याची हरकत नव्हती. फक्त पाणी नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली भरती आली, रेल्वेने, दहा वाघिणींतून, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. गाडीचं नाव जलदूत. कृष्णेचं पाणी मांजरेच्या गावाला रुळांवरून आलं, आणि भरतीची वेळ प्लॅटफॉर्मवर लिहिली गेली, हे जागतिक सागरशास्त्रात बहुधा एकमेव असावं. आता हिशेब: ०.६ टीएमसी म्हणजे सुमारे १,७०० कोटी लिटर, अर्थात पन्नास वाघिणींच्या जलदूतच्या ६,८०० फेऱ्या. धर्माबादला जेवढं पाणी एका तारखेला खाली सोडायचं असतं, तेवढं लातूरला रोज एक गाडी धरून आणायला अठरा वर्षांहून जास्त लागली असती. त्या वर्षी लातूर जिल्ह्यात गळ टाकण्यास अनुकूल दिवस किती, हा प्रश्न आम्ही शास्त्रीय शिस्तीखातरसुद्धा विचारत नाही.

खारेपणाचं प्रकरण थोडक्यात उरकतो. आपल्या बाजूला निसर्गतः खारं आणि क्षारयुक्त मोठं पाणी एकच, बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर. नांदेडपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत. उल्कापाताने झालेलं, दहाच्या आसपास सामू असलेलं हे पाणी; तिथे राज्य सूक्ष्मजीवांचं, आणि जून २०२० मध्ये त्यांच्यातल्या काहींनी ते गुलाबी करूनही दाखवलं. गळाला लावण्याच्या आकाराचे ते नाहीत. एरवी नांदेड किनाऱ्यावर खारेपण आढळतं ते गळवाल्याच्या शेजारी ठेवलेल्या खाऱ्या शेंगदाण्यांच्या पुडीत. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग समुद्र आहे; त्याला काठ आहे, मासे आहेत, पाणी मात्र गोडं.

साधनांच्या बाबतीत परदेशी ग्रंथ कार्बनच्या दांड्या आणि चकचकीत चक्र्या सुचवतात. घाटाच्या खालच्या पायरीवर बसणाऱ्या जाणकाराची सामग्री अशी: पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस, वजनाला सायकलचा किंवा ट्रॅक्टरचा एक नट, तरंगायला तुटक्या स्लिपरचा कातरलेला तुकडा, आणि ओल्या फडक्यात कणकेचा गोळा. दोरीला एखादं घुंगरू, म्हणजे डुलकी लागली तरी चालतं. अशा एका मामांशी झालेला संवाद प्रस्तुत विषयाला धरून आहे.

‘मामा, लागलं का काही?’

‘दोन चिलाप्या. आता बसत नाय. पानी चढायलंय, वर सोडलंय वाटतं.’

‘कसं कळलं? बातमी तर आली नाही अजून.’

‘ती खालची पायरी दिसंना की वो.’

यास आम्ही सोपानमापन पद्धती असं नाव देतो. उपग्रह नाही, हरितद्रव्य नाही, चूक होण्याचा संभव कमी. या पद्धतीला संगणक लागत नाही, आणि तिचा अहवाल मागवायला कुणी फाईल काढत नाही.

माशांविषयी ग्रंथात न मिळणारं एवढंच सांगतो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी; स्लिपरचा तुकडा दोरीवर कुठे बांधायचा ते यावरून ठरवा. मरळ हवेतून श्वास घेते, गवतात-शेवाळात दबा धरते आणि कणकेला हिंगलत नाही. तिला जिवंत हालचाल लागते, म्हणून गांडूळ किंवा बेडकी. सीमेपलीकडे मृग लागला की मासे खायची रीत आहे, आणि मरळ तर तेलंगणाचा राज्यमासा. त्यामुळे देगलूर-धर्माबादकडे मृगात तिचा भाव विचारण्यात अर्थ नाही. रात्रभर पाण्यातला प्राणवायू उतरत जातो, म्हणून ढगाळ पहाटे मासे तोंड वर करून येतात. नवखा माणूस त्याला सुकाळ समजतो. तो मासा भुकेला नसतो, घुसमटलेला असतो, आणि गळाकडे बघतही नाही. ऊन थोडं वर येऊ द्यावं. चैत्र-वैशाखात दुपारी तर गळ काढूच नये. मासा खोल जातो आणि माणूस सावलीला, दोघांचंही बरोबर आहे. वळवाच्या दिवसांत कार्बनची दांडी आभाळाकडे उंच धरून बसणं म्हणजे विजेला पत्ता देणं. ओला बांबूही त्या वेळी भरवशाचा नाही. आणि तलाव मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतलेला असेल, तर आधी भोई बांधवांना विचारावं. बीज त्यांनी सोडलेलं असतं आणि राखणही त्यांचीच असते.

रोजचं अनुमान द्यावं अशी वाचकांची अपेक्षा असेल, म्हणून तेही देतो. लाटा : नाहीत. वारा : येईल तसा. चंद्र : हजर, पण अधिकार नाही. भरती : जायकवाडीपासून विष्णुपुरीपर्यंत जो दरवाजा उचलेल त्याच्या मर्जीने. मासा : आहे, तुमच्याकडे येईलच असं नाही.

एक विनंती मात्र थट्टेतली नाही. विसर्ग वाढणार असल्याची सूचना आली, भोंगा वाजला, किंवा काहीही न वाजता खालची पायरी दिसेनाशी झाली, तर गळ, बाटली, चिलाप्या सगळं तिथेच सोडा आणि आधी पायऱ्या चढा. तंगूस मोंढ्यात कुठेही मिळते.