लॅपटॉप-विद्युत्कोषाची आयुर्मीमांसा : डहाणू-तलासरीच्या विशेष संदर्भासह

विषयप्रवेश

लॅपटॉपची बॅटरी दीर्घायुषी कशी करावी, या प्रश्नाकडे मराठी विद्वत्तेने आजवर पाठ फिरवलेली आहे. शिवजन्माच्या तिथीवर समिती बसली, ज्ञानेश्वर एक की दोन यावर माणसांच्या हयाती खर्ची पडल्या. परंतु चार्जर रात्रभर लावून ठेवावा की झोपण्यापूर्वी काढावा, यावर एकही परिसंवाद झाल्याचे प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही. अगस्त्य संहितेत बॅटरी होती की नव्हती, या वादात येथे पडायचे नाही. असलीच, तर ती मातीच्या भांड्यातली होती, आणि ती मांडीवर घेऊन कोणी शालेय पोषण आहाराची माहिती भरत नव्हते.

अभ्यासक्षेत्र म्हणून पालघर जिल्ह्यातले डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके निवडले आहेत. निवडीमागे सखोल विचार आहे: लेखक राहतो डहाणूला, शिकवतो तलासरीच्या आतल्या अंगाला एका शाळेत, आणि लॅपटॉप पाठीवर घेऊन रोज दोन्हींमध्ये ये-जा करतो. अभ्यासाचा कालावधी सहा वर्षे. नमुना म्हणून स्वतःच्या लॅपटॉपच्या दोन बॅटऱ्या आणि शाळेचा एक लॅपटॉप, जो आता आपल्यात नाही. संशोधनपद्धती : सहनशीलता.

क्षेत्र आणि विषय यांचा संबंध मात्र वाटतो त्याहून जुना आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याचे जाहीर केले. त्याच १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली. दोन्ही नाजूक जिनसांना तेव्हापासून पथ्य एकच : ऊन लागू देऊ नका, धूर निघू देऊ नका, ठासून भरू नका. यात कार्यकारणभाव शोधण्याचा मोह लेखकाने आवरला आहे. आवरला आहे, एवढे नोंदवून पुढे जातो.

पूर्वपक्ष

या प्रश्नावर आमच्या भागात प्रामुख्याने तीन पंथ आढळतात.

पहिला शून्यवाद्यांचा. नागार्जुनाशी यांचा संबंध नाही. बॅटरी पूर्ण उतरून यंत्र आपोआप बंद पडल्याखेरीज चार्जर लावू नये, अन्यथा बॅटरीला 'सवय लागते', असे हे मानतात. हा आचार निराधार नव्हे, फक्त जुना आहे. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांना अशी सवय खरोखर लागत असे. अर्ध्यावरून पुन्हा पुन्हा भरल्या की त्यांना अर्धेच आठवायचे. लिथियमला ही स्मृती नाही. जुनी गाय विकली, नवी म्हैस आणली, तरी गायीचेच नाव घेऊन वैरण टाकावी, तसा हा प्रकार. उलट तळापर्यंत उतरवणे लिथियमला मानवतच नाही.

दुसरा पंथ देव्हारावाद्यांचा. वापरली की झिजते, म्हणून वापरूच नये. यांचा लॅपटॉप प्लास्टिकच्या मूळ पिशवीत असतो, आणि चार वर्षांनी बाहेर काढल्यावर 'हातसुद्धा लावला नव्हता हो' असे ते हळहळून सांगतात.

तिसरा पंथ शतवाद्यांचा. चार्जर सदैव लावलेला, कोपऱ्यात १०० हा आकडा सदैव झळकत. प्रस्तुत लेखक पहिली तीन वर्षे याच पंथाचा निष्ठावंत अनुयायी होता. त्याचे काय झाले ते पुढे येईल.

शाळेच्या लॅपटॉपवर मात्र अजाणता शून्यवादाचा अंतिम प्रयोग झाला. मे महिन्याची सुट्टी लागली त्या दिवशी निकालपत्रके छापून झाली, बॅटरी ३ टक्क्यांवर होती, आणि सगळ्यांनाच गाडी गाठायची होती. लॅपटॉप तसाच लोखंडी कपाटात गेला. वर पत्रे. जूनच्या मध्यावर कपाट उघडले तर तो उठेना. रिकामी बॅटरी पडून राहिली तरी आतल्या आत थोडी थोडी उतरतच असते. सेलचा विद्युतदाब फार खाली गेला की आतले तांबे विरघळू लागते, आणि धोका नको म्हणून बॅटरीतले सर्किटच तिला कायमचे कुलूप घालते. आम्ही बाहेरचे कुलूप काढले, आतले निघाले नाही. सुट्टीवर जाताना ती अर्धी भरून ठेवायची असते, हे ज्ञान शाळेला अशा रीतीने प्राप्त झाले.

ताडीन्याय

आता सिद्धांताकडे वळू. संस्कृत शास्त्रकारांनी काकतालीय न्याय सांगितला तेव्हा त्यांनी कावळ्याकडे पाहिले, ताडाकडे पाहिले, पण मडक्यात काय साठले ते पाहिले नाही. ही उणीव भरून काढण्याचा मान तलासरीच्या रस्त्यावर झाडाखाली बसणाऱ्या एका ताडीवाल्याकडे जातो.

ताडावर संध्याकाळी मडकी बांधतात, पहाटे उतरवतात. पहाटेचा रस गोड. सूर्य वर येऊ लागला की तो आंबू लागतो, दुपारपर्यंत त्याची चांगली ताडी होते आणि संध्याकाळी ती तोंडात धरवत नाही. लक्षात घेण्याची गोष्ट ही की यात पिणाऱ्याचा काही हात नाही. कोणी एक घोट घेतला नाही तरी मडके आंबतच राहते. ऊन जितके कडक, तितके लवकर.

'गुरुजी, सकाळची घ्यायची असेल तर घ्या,' तो मला एकदा म्हणाला. 'दुपारची घरी न्याल तर बाई उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत.'

बॅटरीचे म्हातारपण दोन वाटांनी येते, हे या एका वाक्यात पूर्ण आलेले आहे. एक वाट वापराची : भरली, उतरली, पुन्हा भरली. यालाच सायकल म्हणतात, आणि ती चार्जर किती वेळा खुपसला त्यावर मोजत नाहीत. आज निम्मी वापरली, उद्या निम्मी, की दोन दिवसांची मिळून एक सायकल. दुसरी वाट मडक्याची. बॅटरी नुसती पडून असली तरी आत रसायने एकमेकांशी कुरबुर करतच असतात. ग्रॅफाइटच्या अंगावर पहिल्याच भरणीत एक पातळ साय धरते. ती साय लागतेच, तिच्यावाचून बॅटरी चालत नाही. पण ती वर्षानुवर्षे जाड होत जाते, आणि प्रत्येक थरात थोडे लिथियम कायमचे अडकते. ते पुन्हा कामावर येत नाही. देव्हारावाद इथेच कोसळतो.

ही कुरबुर वाढवणाऱ्या गोष्टी दोन. एक ऊन. दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ आडाखा आहे. त्यामागचे गणित आऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडले. तो स्वीडनचा. उष्णतेचा नियम स्वीडनच्या माणसाने सांगावा आणि तो भोगायला मेमध्ये तलासरीचा पत्रा असावा, ही ज्ञानाची जागतिक वाटणी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे पूर्ण भरलेपण. १०० टक्क्यांना प्रत्येक सेलवर ४.२ व्होल्टच्या आसपास ताण असतो. त्या ताणाखाली आतला द्रव झपाट्याने बिघडतो. बॅटरीचे अभ्यासक नेहमी देतात ते आकडे असे : ४० टक्के भरून २५ अंशांवर वर्षभर ठेवलेल्या बॅटरीची सुमारे ९६ टक्के ताकद उरते; तीच पूर्ण भरून ठेवली तर ८०. तापमान ४० अंश केले की हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. म्हणजे भरलेली आणि तापलेली बॅटरी एका वर्षात आपल्या आयुष्याचा तिसरा हिस्सा काहीही न करता घालवते.

नीरा गोड राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. बॅटरीला असा चुना लावण्याची सोय आता बहुतेक लॅपटॉपमध्ये असते : सेटिंगमध्ये जाऊन ८० टक्क्यांना थांब म्हणून सांगितले की भरणे तिथेच थांबते. मराठीत चुना लावण्याचा दुसराही अर्थ आहे, त्याकडे प्रबंध लवकरच येत आहे.

(शून्य अंशाखाली बॅटरी भरू नये, लिथियमचा धातू आत साचतो, असेही शास्त्र सांगते. तलासरीच्या वाचकांनी हे वाक्य गाळावे.)

प्रत्यक्ष प्रमाण

लेखकाच्या शतवादाचा अंत एका सोमवारी झाला. टचपॅड दाबले जाईना. मग लक्षात आले की लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, बोटाने ढकलला की गोल गोल फिरतो. डहाणूच्या दुरुस्तीवाल्या पोराने तो कानाशी न नेता, न उघडता, नुसता आडवा धरून पाहिला.

'सर, पोट सुटलंय.'

'कोणाचं?'

'बॅटरीचं. चार्जर कधी काढता?'

'काढत नाही.'

त्याने माझ्याकडे, नापास मुलाच्या बापाकडे मी पाहतो तसे पाहिले. मागचे झाकण काढले तर आत चंदेरी पाकिटे पुऱ्यांसारखी टम्म फुगलेली. द्रव बिघडून झालेला वायू. त्याने लोखंडी पट्टी बाजूला सारली, प्लास्टिकची घेतली, आणि श्वास रोखून बॅटरी हलकेच उचलून बाहेरच्या वाळूच्या डब्यात ठेवली. 'टोचली तर पेटते,' एवढेच बोलला.

आत काय असते, याचे कुतूहल वाचकाला असेल. जुन्या लॅपटॉपच्या गोल सेलमध्ये पातळ पत्र्यांची घट्ट गुंडाळी असते. तिचा छेद चित्रात पाहिला तर वारली चित्रातल्या तारपा नाचाची आठवण होते, मधून सुरू होऊन बाहेर उलगडत गेलेली साखळी. चित्रातच पाहावा. कापू नये.

दुसऱ्या बॅटरीवर चुन्याचा प्रयोग केला. आकडे देतो. दोन्ही बॅटऱ्या नव्या असताना ४१,००० मिलिवॉट-तासांच्या. पहिली, तीन वर्षे १०० वर टांगलेली, शेवटच्या तपासणीत २५,४०० वर, म्हणजे ६२ टक्के. दुसरी, तीन वर्षे ८० वर अडवलेली आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कधीही न ठेवलेली, ३४,९०० वर, म्हणजे ८५ टक्के. विंडोजमध्ये हा हिशेब यंत्र स्वतः काढून देते. कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी, मग स्लॅश, मग बॅटरीरिपोर्ट असे लिहायचे. स्वतःचा अहवाल इतक्या निर्विकारपणे देणारे दुसरे कोणी लेखकाच्या परिचयात नाही.

उत्तरपक्ष, आणि त्यावर आक्षेप

येथे प्रबंध संपायला हवा होता. ऐंशीवाद सिद्ध झाला होता, लेखक स्टाफरूममध्ये त्याचा प्रचार करू लागला होता. मग जुलै आला.

डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे, १९९०च्या दशकाच्या मध्यापासून. ६५ वॉटचा चार्जर धरला, तर तेवढ्या विजेवर ७६ लाखांहून अधिक लॅपटॉप एकाच वेळी भरता येतील. ती वीज मुंबईच्या उपनगरांकडे जाते. त्यात केंद्राचा दोष काढण्यात अर्थ नाही, ते त्यासाठीच बांधले गेले. तारा डोक्यावरून जातात आणि आपण खाली उभे असतो, एवढेच. इकडे तलासरीत वाऱ्याने फांदी पडली की लाईट जाते. ती संध्याकाळी येईल, उद्या येईल, किंवा 'काम चालू आहे' असे फोनवर कळेल.

त्या दिवशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. एकोणीस मुले. बाराव्या मुलाशी बॅटरी संपली. लाईट दुपारपासून गेलेली. उरलेले सात अर्ज मी रात्री डहाणूला, घरच्या इन्व्हर्टरवर, मुदत संपायला चाळीस मिनिटे असताना भरले. ऐंशीला अडवली नसती तर आणखी तीन मुले शाळेतच झाली असती, हा हिशेब तेव्हा डोक्यातून जाईना.

ऐंशीवादातली मेख ही : तीन वर्षांनी वीस टक्के कमी होऊ नयेत म्हणून आजच वीस टक्के सोडून द्यायचे. ज्याच्या भिंतीतला प्लग कायम जिवंत आहे, त्याला ते वीस टक्के कधी आठवतसुद्धा नाहीत. हा सल्ला त्याच्यासाठीच लिहिलेला आहे. आमच्याकडे ते वीस टक्के म्हणजे एक अख्खी संध्याकाळ. हाच तो चुन्याचा दुसरा अर्थ.

आणि संध्याकाळ कोणती असेल हे सांगता येत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, धुंदलवाडीच्या आसपास तर लोक थंडीत घराबाहेर झोपले. त्या दिवसांत टॉर्च, मोबाइल, जे काही भरता येईल ते गळ्यापर्यंत भरून उशाशी ठेवायची सवय घराघरांत लागली. त्या माणसांना जाऊन ४.२ व्होल्टचा ताण समजावून सांगण्याचे धाडस लेखकाला झाले नाही, आणि होऊ नये.

म्हणून वर्षाची वाटणी करावी लागते. रोहिणी नक्षत्र लागले की मर्यादा काढून १००. आकाश कसेही दिसो. दसरा झाला की पुन्हा ८०. उन्हाळ्यात बॅटरी गाडीत, पत्र्याखाली किंवा गादीवर ठेवायची नाही, सुट्टीला जाताना निम्मी. पोट सुटलेली असेल तर त्याच दिवशी बंद करून काढून घ्यायची, आणि भंगारवाल्याच्या पोत्यात टाकायची नाही. त्याच्या हातगाडीवर ती टोचली जाणारच. यापेक्षा वेगळा आकडा कोणी सांगितला तर त्याला आधी विचारा, तुमच्याकडे लाईट किती वेळा जाते?