सही आणणारे बापू

भोसरी, अंबड, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत जा. पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यात एक बापू सापडतातच. हजेरीपटावर हुद्दा ‘सहायक, लेखा विभाग’, काम एकच: मालकांची सही आणणे. सही करण्यापेक्षा ती आणणं अवघड, असं बापूंचं ठाम मत आहे आणि त्यात तथ्य आहे. जीएसटी भरायच्या दिवशी खरेदीची फाइल पुढे करायची नाही. ठाण्याच्या मेव्हण्यांचा फोन येऊन गेला की तासभर केबिनकडे फिरकायचं नाही. जेवणानंतर साहेबांच्या तोंडात बडीशेप असते, तेवढ्यात पगारवाढीची यादी दोन निरुपद्रवी पत्रांच्या मध्ये सरकवायची. ही विद्या कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

कॉलेजात शिकून आले ते धाकटे साहेब. आल्या आल्या त्यांनी कंपनीचं गूगल ड्राइव्ह ई-सहीच्या सॉफ्टवेअरला जोडून टाकलं. ‘सहीसाठी’ नावाच्या फोल्डरमध्ये पीडीएफ टाकली की ती आपोआप आधी खरेदीवाल्यांकडे, मग अकाउंट्सला, शेवटी मोठ्या साहेबांच्या मोबाइलवर जाणार. सह्या झाल्या की ‘पूर्ण’ फोल्डरमध्ये येऊन बसणार. कोणी किती वाजता उघडली, किती वाजता सही केली, कुठल्या आयपी पत्त्यावरून केली, याचं एक पान शेवटी जोडलेलं. “म्हणजे बापू, आता तुम्हाला जिने चढायला नकोत,” धाकटे साहेब म्हणाले. बापू म्हणाले, “वा वा.” आणि जिना चढून मोठ्या साहेबांना ही बातमी सांगायला गेले.

मोठ्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात आठवणीचे सगळे ईमेल स्पॅममध्ये टाकले. करार अडले. तेव्हा बापूंना त्या शेवटच्या पानाचा शोध लागला. “साहेब, सकाळी दहा बेचाळीसला तुम्ही उघडून पाहिलंत म्हणे,” ते दारातूनच नम्रपणे म्हणत. साहेबांना हे अजिबात आवडलं नाही. पूर्वी ‘फाइल बघितलीच नाही’ असं म्हणता येत असे. आता यंत्र चुगली करतं आणि बापू ती पोचवतात.

बापूंचा विश्वास मात्र शेवटी शिक्क्यावर. कंपनीची मोहर कायद्याने 2015 सालीच ऐच्छिक केली, हे त्यांना सीएसाहेबांनी दोनदा सांगून झालंय. तरी ई-सही झालेला करार बापू छापतात, निळ्या शाईचा गोल शिक्का मारतात, स्कॅन करतात आणि पुन्हा ड्राइव्हवर चढवतात. खरी डिजिटल सही त्या फाइलमध्येच गणिताने गुंफलेली असते; एक अक्षर बदललं तरी तपासणीत पकडलं जातं, आणि कागदावर छापली की तिचं नुसतं चित्र उरतं. हे सगळं समजावलं तर बापू शांतपणे विचारतात, “आणि शिक्का?” एकदा मशीन दुरुस्तीच्या वार्षिक कराराचा असा शिक्केबंद स्कॅन त्यांनी चुकून ‘सहीसाठी’मध्ये टाकला. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे तो पुन्हा सगळ्यांकडे धाडला. सगळ्यांनी पुन्हा सह्या केल्या, बापूंनी पुन्हा छापून शिक्का मारला. त्या करारावर मोठ्या साहेबांच्या सह्या इतक्या झाल्या आहेत की दुरुस्तीवाला हल्ली न बोलावता येतो.

पिवळ्या प्रश्नचिन्हाचं प्रकरण मात्र त्यांना शोभून दिसलं. डिजिटल सहीची पीडीएफ उघडली की कोपऱ्यात ते चिन्ह दिसतं आणि समोरच्या कंपनीचा खरेदी अधिकारी घाबरून कागद परत पाठवतो. सही खोटी नसते, त्याच्या कॉम्प्युटरने प्रमाणपत्र देणाऱ्याला ओळखलेलं नसतं, एवढंच. बापू फोनवर सांगू लागतात: “सहीवर उजवं क्लिक करा, सर. आता प्रमाणपत्र दाखवा म्हणा. त्याला विश्वासातलं करून घ्या. आली हिरवी खूण?” लग्नाच्या बैठकीत दोन्ही बाजूंना सांभाळणाऱ्या काकांचा सूर त्यात असतो. खूण आली की बापू फोन ठेवून चहा मागवतात.

आणि त्यांचा तो ड्रॉवर! त्यात पेनड्राइव्हसारखे डिजिटल सहीचे तीन टोकन: मोठ्या साहेबांचं, धाकट्यांचं आणि कागदोपत्री संचालक असलेल्या वहिनीसाहेबांचं. कंपनी खात्याचे फॉर्म यांच्याशिवाय जात नाहीत. प्रत्येकाला रबर लावून पिनची चिठ्ठी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 42 म्हणतं की सहीची गुप्त किल्ली ज्याची त्याने वाजवी काळजी घेऊन स्वतःच्या ताब्यात ठेवावी. बापूंच्या मते ड्रॉवरला कुलूप आहे, म्हणजे काळजी वाजवीच आहे. आधारवर चालणाऱ्या ई-सहीत टोकन लागत नाही, ओटीपी येतो. पण वहिनीसाहेबांच्या आधारला जोडलेला नंबर सध्या ड्रायव्हरकडे आहे, हे बापूंखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. गाडी सर्व्हिसिंगला गेली की कंपनीचं संचालक मंडळ अपुरं पडतं.

मागच्या महिन्यात धाकट्या साहेबांनी वडिलांसमोरच विचारलं, “बापू, आता असं काय उरलंय जे ऑनलाइन होत नाही?”

बापू याच प्रश्नाची वाट पाहत असावेत. 2000 सालच्या कायद्याची पहिली अनुसूची त्यांना तोंडपाठ आहे. “मुखत्यारपत्र,” त्यांनी एक बोट मुडपलं. “विश्वस्तपत्र. आणि मृत्युपत्र. यांना ई-सही चालत नाही. शाईच लागते.” मग मोठ्या साहेबांकडे वळून, अगदी आपुलकीने: “तुमचं मी स्वतः घेऊन येईन, साहेब. मुद्रांकाचाही खर्च नाही, साधा कागद चालतो. साक्षीदार तेवढे दोन लागतात. एक मी आहेच. केव्हा आणू?”

साहेबांनी चष्मा पुसला, मोबाइल उघडला आणि अडलेले सगळे करार बसल्या जागी सही करून टाकले. त्या दिवसापासून ते एकही कागद अडवत नाहीत. धाकटे साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सॉफ्टवेअरची शिफारस करतात.